एक घागर पाणी आणि तापलेला स्लॅब: कोणता पदार्थ किती उष्णता साठवतो, ते घरी मोजायची रीत

गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला गच्चीवर बोलावून घेतलं. "सर, हात लावून बघा की जरा. दिवस मावळून साडेतीन तास झालं, अजून भाजतंय. खाली पंखा लावला की गरम वाराच अंगावर येतोय." आदल्या रात्री त्यांनी पंधरा-वीस बादल्या पाणी गच्चीवर ओतलं होतं. पाणी पन्हाळीतून खाली गेलं, टाकी रिकामी झाली, खोली होती तशीच राहिली. आता त्यांना एवढंच विचारायचं होतं: वर पत्र्याची शेड मारू का?

मी सर नव्हे. ३१ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सरांचे प्रयोग मांडून दिले, म्हणून गल्लीत सर म्हणतात. पण शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेतल्या सगळ्यात साध्या प्रयोगात आहे. गरम वस्तू थंड पाण्यात टाकायची आणि पाणी किती तापतं ते बघायचं, एवढाच तो प्रयोग. घरच्या भांड्यांत तो कसा करायचा, त्यातून आकडा कसा काढायचा आणि तो आकडा स्लॅबला, तव्याला, बंबाला कसा लावायचा, ते क्रमानं सांगतो. आकडेमोड आहे, पण गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

आधी हातावरचा भरवसा सोडा

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी गेला असाल तर हे पटकन कळेल. भर दुपारी काळ्या दगडाच्या पायरीवर पाय ठेवला की माणूस नाचायला लागतो. शेजारच्या दुकानाची लाकडी फळी त्याच उन्हात तापलेली असते, तिच्यावर मात्र उभं राहता येतं. थर्मामीटर लावला तर दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाही निघेल. फरक पडतो तो उष्णता किती वेगानं तळपायात शिरते याचा. दगड आपल्या आतली उष्णता पटापट वर पाठवतो. लाकडाचा वरचा पातळ थर पायाला लागून निवतो आणि खालची उष्णता सावकाश येते. दगड ५५ अंशांवर असेल तर कातडीला लागतो त्या जागी साधारण ४७ अंश भरतात, लाकूड तितकंच तापलेलं असलं तरी ३८-३९.

म्हणजे हात लावून तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: वस्तूचं तापमान किती, तिच्यात उष्णता किती साठली आहे, आणि ती उष्णता ती किती वेगानं देते. स्लॅबचं कोडं सुटतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत. शेजारी मोजत होते पहिली, तीही हातानं.

माप म्हणून किलोकॅलरी घ्या. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला लागते ती १ किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरी म्हणून छापलेली असते तीच ही. आणि विजेच्या बिलातलं १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. शाळेत आता सगळं ज्यूलमध्ये शिकवतात, ते योग्यच आहे, पण घरातल्या हिशोबाला पाण्याचं माप सोपं पडतं. पाण्याचा आकडा १ धरला की बाकी सगळे त्याच्या तुलनेत आपोआप बसतात.

तयारी

एक थर्मामीटर लागेल. तापाचा नको, तो ४२ अंशांपर्यंतच असतो आणि काचेचा असला तर गरम पाण्यात फुटतो. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात ० ते ११० अंशांचा काचेचा मिळतो. स्वयंपाकाचा सळीवाला डिजिटल आणखी बरा, त्याला दशांश असतात. लांबून लाल ठिपका पाडून मोजणारी पिस्तुलासारखी यंत्रं आली आहेत. भिंत, दगड, छत यांना ती ठीक, पण चकचकीत स्टीलवर किंवा घासलेल्या तांब्यावर ती साफ चुकतात, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःच्या उष्णतेऐवजी समोरच्या भिंतीचीच उष्णता परावर्तित करून दाखवतो.

बाकीचं घरातलं: झाकणाचा उभट स्टीलचा डबा, तो घट्ट बसेल अशी थर्माकोलची पेटी (नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस किंवा जुनी चादर दाबून भरा), वजनकाटा, वाण्याकडचं १ किलोचं लोखंडी वजन, वरवंटा, बारीक तार, सांडशी.

थर्मामीटर तपासून घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या गिचक्यात तो ० दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची वाट बघू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी एखादा हुशार पोरगा "थर्मामीटर खराब आहे" म्हणून तक्रार घेऊन यायचा आणि मी त्याला ९८ च लिहायला लावायचो.

पहिली पायरी: डबा स्वतः किती खातो

ही पायरी सगळे गाळतात आणि मग उत्तर का चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतात. डबासुद्धा तापतो, म्हणजे तो उष्णता घेतो.

डब्यात ५०० मिली साधं पाणी घ्या, पाच मिनिटं ठेवून तापमान टिपा. समजा २७ भरलं. दुसऱ्या भांड्यात ५०० मिली पाणी ६० अंशांपर्यंत तापवा, झटकन डब्यात ओता, झाकण लावा, हलवा, स्थिरावलेला आकडा वाचा. डब्यानं काहीच खाल्लं नसतं तर बरोबर मधला आकडा आला असता, ४३.५. समजा तुम्हाला ४२.५ मिळाला. गरम पाणी १७.५ अंशांनी उतरलं, त्यानं ०.५ × १७.५ = ८.७५ किलोकॅलरी दिल्या. थंड पाणी १५.५ अंशांनी चढलं, त्यानं ७.७५ घेतल्या. उरलेली १ किलोकॅलरी डब्यानं १५.५ अंश चढताना खाल्ली, म्हणजे अंशामागे ०.०६५. डबा ६५ मिली जादा पाण्यासारखा वागतो. हा आकडा डब्यावर पेननं लिहून ठेवा, पुढं प्रत्येक वेळी पाण्यात मिळवायचा आहे. तुमच्या डब्याचा आकडा अर्थातच वेगळा येईल.

दुसरी पायरी: लोखंडाचं वजन

१ किलोच्या वजनाला बारीक तार गुंडाळा, वर धरायला टोक ठेवा. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. तोवर डब्यात १ लिटर पाणी घेऊन तापमान टिपा, पुन्हा २७ धरू. आता वजन बाहेर काढा, एकदा झटका, आणि दोन-तीन सेकंदांत डब्यात सोडा. झटकायला विसरू नका, कारण वजनाला चिकटलेलं गरम पाणी लोखंडापेक्षा जास्त उष्णता घेऊन येतं आणि आकडा फुगतो.

डब्यावर झाकण ठेवण्याआधी अंदाज करा. ९८ अंशांचं एक किलो लोखंड, हात लावला तर फोड येईल. पाणी किती चढेल? मी हा प्रश्न वर्गात विचारला की पोरं पन्नास, साठ सांगायची. येतं ते साधारण ३३.५. साडेसहा अंश, बस्स. त्याच जागी ९८ अंशांचं १ लिटर पाणी ओतलं असतं तर डबा ६० च्या पुढं गेला असता.

हिशोब असा: पाणी आणि डबा मिळून १.०६५, ते ६.५ अंश चढले, म्हणजे ६.९२ किलोकॅलरी घेतल्या. लोखंड ९८ वरून ३३.५ वर आलं, ६४.५ अंश उतरलं. ६.९२ ला ६४.५ नं भागा: ०.१०७. पुस्तकातला आकडा ०.१०८ आहे. एक किलो लोखंड एक अंश तापवायला लागणारी उष्णता पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकी. घरच्या डब्यात ०.०९ ते ०.१३ च्या मध्ये काहीही आलं तरी प्रयोग जमला म्हणा. साडेसहा अंशांच्या चढीत अर्ध्या अंशाची चूक झाली तरी आकडा बराच हलतो. चढ मोठी हवी असेल तर पाणी अर्धा लिटर घ्या, फक्त वजन पूर्ण बुडायला हवं. (वाण्याच्या वजनाच्या बुडाला शिसं भरलेलं असतं, तोल जुळवायला. ते लोखंडापेक्षाही कमी उष्णता धरतं, पण थोडंच असतं, सोडून द्या.)

तिसरी पायरी: वरवंटा

आता काळा दगड. नदीतला कुठलाही गोटा उचलू नका. भेगेत पाणी मुरलेला दगड थेट जाळावर ठेवला तर फुटून उडतो. जांभाही नको, तो सच्छिद्र असल्यानं पाणी पितो आणि सगळा हिशोब बिघडवतो. घरातला वरवंटा उत्तम. वजन करून घ्या, उकळत्या पाण्यातच तापवा, आणि दहा मिनिटांवर भागवू नका. लाकडापेक्षा वेगानं असली तरी लोखंडाच्या मानानं दगडातून उष्णता फार हळू सरकते. तीन-साडेतीन सेंटिमीटर आत गाभ्यापर्यंत पोचायला पाऊण तास द्या. लोखंडाला हेच अंतर मिनिटाभराचं.

डब्यात टाकल्यावरही हाच फरक दिसतो, आणि मला वाटतं प्रयोगातला सगळ्यात शिकवणारा भाग हाच. लोखंड टाकलं की पारा चढतो आणि थांबतो. वरवंटा टाकल्यावर तो आधी चढतो, मग रेंगाळतो, मग पुन्हा थोडा चढतो. पंधरा-वीस मिनिटं दर दोन मिनिटांनी आकडा लिहीत राहा. दगड आतली उष्णता हप्त्याहप्त्यानं देतो.

शेवटचा आकडा घेऊन वरच्यासारखाच भागाकार करा, फक्त दगडाच्या वजनानंही भागायचं. येईल ०.२ च्या आसपास. किलोला किलो पाहिलं तर काळा दगड लोखंडाच्या जवळपास दुप्पट उष्णता धरतो! हे ऐकून आमच्या घरी कुणाचा विश्वास बसेना. लोखंड जड, कणखर, भट्टीत लाल होणारं. साठवणीत मात्र पाट्यावरच्या वरवंट्यानं त्याला मागं टाकलं.

तेलाचा प्रयोग वेगळ्या रीतीनं करा. त्याच पातेल्यात, त्याच बारीक आचेवर आधी अर्धा किलो पाणी ३० वरून ७० वर न्यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. पातेलं पूर्ण कोरडं करून मग अर्धा किलो तेल. तेल लिटरनं मोजू नका, काट्यावर मोजा, कारण १ लिटर तेल ९२० ग्रॅमच्या आसपासच भरतं. निम्म्याच्या थोडं इकडेतिकडे वेळेत तेल ७० गाठेल, कारण त्याचा आकडा ०.५ च्या जवळ आहे. ७० ला गॅस बंद. तेल वाया जात नाही, दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरा.

आकडे असे का

आता हातात यादी येते. पाणी १, तेल साधारण ०.५, कोरडं लाकूड ०.४ च्या पुढंमागं, अ‍ॅल्युमिनियम ०.२२, काळा दगड, वीट, काच, काँक्रीट, वाळू ही सगळी मंडळी ०.२ च्या आसपास, लोखंड आणि बीड ०.११, तांबं-पितळ ०.०९, चांदी ०.०५६, शिसं ०.०३१. हुपरीच्या चांदी कारागिराला विचारा, चांदी किती झटकन तापते; तिला तापवायला फारसं काही लागतच नाही.

धातूंच्या आकड्यांत एक गंमत लपली आहे. १८१९ मध्ये ड्यूलाँग आणि पेती या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी ती पकडली. अणूचा भार आणि हा आकडा यांचा गुणाकार करून बघा. अ‍ॅल्युमिनियम: २७ × ०.२१५. लोखंड: ५६ × ०.१०८. चांदी: १०८ × ०.०५६. शिसं: २०७ × ०.०३१. सगळीकडे सहाच्या आसपास उत्तर येतं. अर्थ असा की उष्णता वजनाच्या हिशोबानं साठत नाही, अणूंच्या डोक्यांच्या हिशोबानं साठते. एक किलो बोरं आणि एक किलो कलिंगड यांत नग सारखे असतात का? शिशाचा अणू कलिंगडासारखा जड, म्हणून किलोत नग कमी, म्हणून साठवण कमी.

मग लोखंड वाईट का? नाही, कारण व्यवहारात आपण बहुतेक वेळा किलोऐवजी जागा मोजतो. १ लिटर आकाराचं लोखंड जवळपास ७.९ किलो भरतं, तेवढ्याच आकाराचा काळा दगड २.९ किलो. लिटरमागे लोखंड ०.८५ किलोकॅलरी धरतं, दगड ०.५८, काँक्रीट ०.५, अ‍ॅल्युमिनियम ०.५८, कोरडी वाळू ०.३ च्या आसपास. पाणी तिथंही १, सगळ्यांच्या वर. म्हणून कुठलाही पदार्थ निवडताना आधी ठरवा: मला मर्यादा वजनाची आहे की जागेची? तव्याला जागेची असते, छताला वजनाची.

चौथी पायरी: बर्फ, म्हणजे पारा न हलता जाणारी उष्णता

डब्यात ४० अंशांचं ५०० मिली पाणी घ्या. त्यात ० अंशांचं १०० मिली पाणी ओतलं तर तापमान ३४ वर येईल. पुन्हा तसंच पाणी घ्या आणि या वेळी १०० ग्रॅम बर्फ टाका, वितळायला लागलेला, वरचं पाणी फडक्यानं टिपून. पारा २२ पर्यंत खाली जातो. बर्फही ० अंशांचाच, पाणीही ० अंशांचंच. मधले १२ अंश बर्फाच्या नुसत्या वितळण्यात गेले. किलोमागे ८० किलोकॅलरी, आणि तेवढा वेळ बर्फाचं स्वतःचं तापमान तसूभर हलत नाही. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ही लपलेली उष्णता मोजली.

पाण्याची वाफ होताना तर याच्या कितीतरी पट जाते: उकळताना किलोमागे ५४० किलोकॅलरी. गुऱ्हाळात चिपाडांचे एवढे ढीग चुलवाणात कुठं गडप होतात, असं लहानपणी मला वाटायचं. काहिलीतला रस उकळीला आणायला लिटरमागे सत्तरएक किलोकॅलरी पुरतात. खरं जळण जातं ते त्यातलं पाणी उडवायला, लिटरमागे ५४०. म्हणूनच रस तासन्‌तास उकळत राहतो, पारा शंभरच्या आसपास घुटमळतो, आणि पाणी संपत आल्यावर मात्र गुळव्याला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं, कारण आता उष्णता जायला वाट नसते आणि पाक भराभर ११८-१२० कडे धावतो.

माठाचं पाणी गार होतं ते याच कारणानं. आणि शेजाऱ्यांची वीस बादल्यांची मेहनत वाया गेली तीही याच हिशोबात सापडते.

आता स्लॅब

१ चौरस मीटर स्लॅब घ्या, १२ सेंटिमीटर जाडीचा. वजन २८८ किलो. ०.२१ नं गुणलं की अंशामागे ६० किलोकॅलरी. रात्री निवलेल्या अवस्थेपेक्षा संध्याकाळी तो सरासरी १० अंशांनी जास्त तापलेला धरला, तर प्रत्येक चौरस मीटरमध्ये ६०० किलोकॅलरी साठल्या. दहा बाय दहाची खोली म्हणजे ९.३ चौरस मीटर: साडेपाच हजारांच्या वर. साडेसहा युनिट वीज. एक किलोवॉटचा हीटर साडेसहा तास चालू ठेवावा इतकी उष्णता डोक्यावर टांगलेली असते. त्यातली काही वर आभाळात जाते, बाकीची पंख्याच्या वाऱ्यातून तुमच्या अंगावर. वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा गळतीरोधक थर केलेला असेल तर वजन आणखी वाढतं.

शिवाय ती उशिरा येते. काँक्रीटमधून दिवसाच्या तापाची लाट १२ सेंटिमीटर सरकायला तीन-साडेतीन तास घेते. दुपारचा ताप छताच्या खालच्या बाजूला संध्याकाळी पोचतो आणि साठा मोठा म्हणून रात्रभर पुरतो. जुन्या वाड्यांच्या दोन फुटी दगडी भिंतींत हीच लाट आतपर्यंत पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. अर्ध्या वाटेवर असतानाच रात्र होते आणि ती उलटी फिरते. अंबाबाईच्या गाभाऱ्याकडे आत जाताना मे महिन्यातही जाणवणारा गारवा असाच. जाडी निम्म्यावर आली की आतपर्यंत पोचणारा ताप नुसता दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. आपला स्लॅब नेमका अडनिड्या जाडीचा आहे: उष्णता साठवण्याइतका जाड, अडवण्याइतका नाही.

पत्र्याचं उलटं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ४ किलोही भरत नाही, अंशामागे अर्धी किलोकॅलरीसुद्धा नाही. दुपारी तो भट्टी होतो आणि ऊन गेलं की अर्ध्या तासात विझतो. मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला तीस-चाळीस किलोचं, अंशामागे ६ ते ८. दोन्हीच्या मधलं, आणि सांध्यांतून वारा खेळतो म्हणून राहायला सुखाचं.

तर पाणी. टाकीतलं २८ अंशांचं पाणी स्लॅबवर ओतलं, ते ३८ चं होऊन पन्हाळीतून गेलं, तर लिटरमागे १० किलोकॅलरी घेऊन गेलं. ६०० साठी चौरस मीटरला ६० लिटर, त्या खोलीसाठी साडेपाचशे लिटर. वर मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी २८ अंशांचं कुठलं असायला, तेच अंगाला भाजतं. पण तेच पाणी तिथंच सुकू दिलं तर? गच्चीच्या तापमानाला वाफ होताना लिटरमागे ५७५ च्या आसपास जातात. चौरस मीटरला एक लिटर पुरतो! अख्ख्या खोलीला दहा लिटर, म्हणजे एक घागर. मी हा हिशोब शेजाऱ्यांना वहीच्या पाठीमागं करून दाखवला तेव्हा ते कितीतरी वेळ नुसते वहीकडे बघत होते.

करायचं असं. रात्री दहाला पाणी मारून उपयोग नाही, साडेपाचच्या सुमारास ऊन तिरकं झालं की सुरुवात करा. गच्ची आधी झाडून घ्या. खोलीच्या वरच्या भागावर तीन लिटर पाणी झारीनं किंवा हातानं शिंपडा. ओल दिसली पाहिजे, पाणी वाहता कामा नये. सुकत आलं की पुन्हा तीन लिटर. असे चार-पाच फेरे, दीड-दोन तासांत. सारखं वर-खाली करायचा कंटाळा असेल तर गोणपाट अंथरून ते भिजवून ठेवा, ते पाणी धरून ठेवतं आणि सावलीही देतं. सुकणारं पाणी थोडी उष्णता हवेतूनही घेतं, म्हणून हिशोबातल्या दहाऐवजी पंधरा लिटर धरा. गच्चीला भेगा असतील तर आधी त्या बुजवा, नाहीतर छताला ओल येऊन भलतंच काम निघेल.

उपयोग होतो का ते मोजा. छताच्या खालच्या बाजूला थर्मामीटरची सळी चिकटपट्टीनं लावून वर थर्माकोलचा तुकडा दाबा, म्हणजे तो खोलीच्या हवेचा आकडा दाखवणार नाही. एक दिवस पाणी न मारता आणि एक दिवस मारून, सहा ते अकरा दर तासाला आकडा लिहा. दोन्ही दिवस सारखंच ऊन पडलेले निवडा.

शेडबद्दल माझं मत विचाराल तर: स्लॅबच्या वर फूट-दोन फूट मोकळी जागा सोडून, बाजू उघड्या ठेवून मारलेला पत्रा काम करतो, कारण ऊन स्लॅबपर्यंत येतच नाही आणि पत्र्याचा ताप मधल्या वाऱ्यानं निघून जातो. पण खर्च मोठा. त्याआधी चुन्याचे दोन हात देऊन बघा. भर दुपारच्या उन्हात चौरस मीटरवर एक किलोवॉटच्या आसपास पडतं. पांढरा रंग त्यातलं बरंचसं परत पाठवतो. जी उष्णता आत गेलीच नाही ती काढायला पाणीही लागत नाही. शेतातली हिरवी जाळी ताणून बांधली तरी चालते. पत्र्याच्या खाली थेट राहायला मात्र कुणाला सांगणार नाही.

तवा, बंब आणि कट

शाळूची भाकरी तव्यावर टाकली की पहिल्या मिनिटात तिच्यातलं पाणी वाफ होऊन उडतं, समजा १५ ग्रॅम. म्हणजे ८ किलोकॅलरी तव्यातून गेल्या. २ किलोचा बिडाचा तवा अंशामागे ०.२२ धरतो, तो ३५-४० अंशांनी उतरेल आणि गॅस ते लगेच भरून काढेल. ४०० ग्रॅमचा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा तवा ९० अंशांच्या वर कोसळेल, आणि भाकरी भाजण्याऐवजी वाळत बसेल. इथं कुठला धातू यापेक्षा तव्याचं एकूण वजन महत्त्वाचं. जाड तवा घ्या, तापायला आठ-दहा मिनिटं द्या.

तांब्याच्या बंबाबद्दल लोकांची समजूत असते की तांबं उष्णता धरून ठेवतं. आठ किलोचा बंब अंशामागे पाऊण किलोकॅलरी धरतो, आतलं वीस लिटर पाणी २०. उष्णता धरतं ते पाणीच. बंबाची खरी करामत मधल्या नळीत: जाळ पाण्याच्या पोटातून जातो, म्हणून लाकडं कमी लागतात. सोलरवाल्यांनाही टाकीच्या धातूबद्दल विचारू नका, टाकीभोवतीचं आवरण किती इंचाचं आहे ते विचारा.

मिसळीचा कट का निवत नाही, हेही यातच आलं. तेलाचा आकडा पाण्याच्या निम्मा, मग तर्रीदार कट लवकर निवायला हवा. पण वरचा तेलाचा थर खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही, आणि ५४० ची वाट बंद झाली की वाटी निवायला दुप्पट वेळ घेते. जीभ भाजलेल्यांनी कट चमच्यानं ढवळावा. तेल बाजूला सरून पाणी उघडं पडलं की वाफ निघते.

शेजाऱ्यांनी त्या वर्षी शेड मारली नाही. चुना मारला, गोणपाट अंथरलं आणि संध्याकाळी घागरभर पाणी शिंपडायचं काम धाकट्या मुलाकडे दिलं; तो फेरे मोजून वहीत लिहायचा. फक्त एक लक्षात ठेवा: वळवाचे ढग जमून हवा दमट झाली की पाणी सुकत नाही आणि शिंपडण्याचा फायदा उरत नाही. कपडे वाळत घातल्यावर तासाभरात वाळत नसतील, त्या संध्याकाळी पाणी वाचवा.